गच्ची, विहीर आणि दोन हापूस: अपार्टमेंटमधली सामाईक जागा नक्की कुणाची?

ताई, तुमचे प्रश्न वरवर पाच दिसतात, पण मूळ एकच आहे. इतर वाचणाऱ्यांसाठी आधी परिस्थिती थोडक्यात मांडतो.

रत्नागिरी शहरातली इमारत. खाली स्टिल्ट पार्किंग, म्हणजे खांबांमधली उघडी जागा, रस्त्याच्या अंगाला ४ दुकानं, वर तीन मजल्यांवर १८ फ्लॅट. २०११ साली घोषणापत्र, म्हणजे इमारत अपार्टमेंटच्या कायद्याखाली आणणारा दस्त, नोंदवलेलं; म्हणून ही सोसायटी नाही, अपार्टमेंट आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी बिल्डरकडून नोटरी केलेल्या कागदावर ‘गच्चीचे हक्क’ विकत घेतले, दाराला कुलूप घातलं आणि आता मोबाइल टॉवरवाल्यांशी त्यांची बोलणी चालू आहेत. तीच गच्ची गळतेय. वॉटरप्रूफिंगचा अंदाज ६ लाखांचा, आणि दुकानदार म्हणतात, ‘आम्ही तळाला, आमच्या डोक्यावर कुठे पाणी पडतं?’ मुंबईचे तिघं म्हणतात, ‘आम्ही गणपतीत आणि शिमग्यात येणार, मग मेन्टेनन्स बारा महिन्यांचा का?’ मूळ जमीनमालकाचे मुलगे कंपाउंडमधल्या दोन कलमांचे आंबे दरवर्षी उतरवून नेतात आणि आवारातल्या विहिरीवर शेजारच्या आपल्या घरासाठी पंपही लावतात. हिशेबाची वही तुमच्याकडे, कारण ‘तुम्ही घरीच असता’. या शेवटच्या युक्तिवादाला कायद्यात उत्तर नाही, ते तुमचं तुम्ही द्या. बाकीच्यांचं मी देतो.

आपल्या कोकणातल्या माणसाला सामाईक मालकी शिकवावी लागत नाही. ती त्याला सात-बारावरूनच कळलेली असते. वडिलोपार्जित जमिनीवर तीस नावं, त्यातली निम्मी मुंबईला, चार-पाच हयात नाहीत, वारसनोंदी राहिलेल्या, आणेवारीवरून, म्हणजे कुणाचा हिस्सा किती यावरून, भांडण. पण त्या मालकीची दोन लक्षणं डोक्यात पक्की बसलेली असतात. एक, कुठलाही सहहिस्सेदार कधीही उठून म्हणू शकतो की माझा हिस्सा वाटून द्या. वाद नसेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे, वाद असेल तर दिवाणी कोर्टात. दुसरं, वाटप होईपर्यंत ज्याने कोपरा आधी गडगा, म्हणजे दगडांचा बांध, घालून धरला, त्याची तिथे वहिवाट पडते आणि मग त्याला हलवता हलवत नाही.

हीच समजूत आपण जिना चढून फ्लॅटमध्ये घेऊन येतो. गच्चीला कुलूप घालणारे गृहस्थ गडगाच घालतायत. दुकानासमोर पत्र्याची शेड ओढणारा वहिवाटच पाडतोय. आणि ‘आम्ही वापरत नाही, आम्हाला यातून वगळा’ म्हणणारा मुंबईकर आपल्या बाजूने वाटपच मागतोय. अपार्टमेंटचा कायदा यातलं काहीच मानत नाही.

तो कायदा म्हणजे महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप अ‍ॅक्ट, १९७०. त्याचं कलम ६ तुमच्या असोसिएशनच्या फलकावर मराठीत लिहून लावा, अर्धी भांडणं तिथेच मिटतील. त्यात सांगितलंय ते असं: प्रत्येक अपार्टमेंटधारकाला सामाईक जागा आणि सोयींमध्ये अविभाज्य हिस्सा असतो, तो घोषणापत्रात टक्क्यांत लिहिलेला असतो. टक्का ठरतो तो अपार्टमेंटची किंमत आणि संपूर्ण मिळकतीची किंमत यांच्या प्रमाणावरून. हा टक्का कायमस्वरूपी असतो. बदलायचा तर सगळ्याच्या सगळ्या धारकांची संमती, आणि ती सुधारित घोषणापत्रात लिहून, नोंदवून. हा हिस्सा अपार्टमेंटपासून वेगळा काढता येत नाही. फ्लॅट विकला, गहाण टाकला, बक्षीस दिला तर दस्तात एक अक्षर लिहिलेलं नसलं तरी हिस्सा सोबत गेलाच असं धरतात. आणि सामाईक जागेच्या वाटपाचा दावा कुणालाही आणता येत नाही.

म्हणजे तीस नावांच्या सात-बाऱ्याच्या अगदी उलट. तिथे हिस्सा सुटा करता येतो, इथे तो फ्लॅटला कायमचा जोडलेला आहे. (मिळकत सगळ्यांनी मिळून या कायद्यातून बाहेर काढली, किंवा इमारत पडली आणि पुन्हा बांधायची नाही असं ठरलं, तर मात्र ती पुन्हा साध्या सहमालकीची होते आणि वाटप मागता येतं. तुमच्या इमारतीवर ती वेळ आलेली नाही.)

आता तुमच्या हातात काय आहे ते बघू. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयातून घोषणापत्राची प्रमाणित नक्कल काढा. बिल्डरने वाटलेली झेरॉक्स नको. त्या झेरॉक्समध्ये मधली पानं हमखास गायब असतात, आणि जी गायब असतात तीच लागतात. सोबत नगरपरिषदेतून मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र आणा. घोषणापत्र हातात आलं की पहिल्यापासून वाचत बसू नका. पहिली काही पानं जमिनीचा इतिहास असतो: कुणाकडून कुणाला, कुठला फेरफार, बिनशेती परवानगी कधीची. तो नंतर वाचा, जमीनमालकाच्या मुलांसाठी लागेल. आधी तीन जागा शोधा. सामाईक जागांचं वर्णन. मर्यादित सामाईक जागांचं वर्णन. आणि शेवटचं परिशिष्ट, ज्यात प्रत्येक अपार्टमेंटसमोर टक्का लिहिलेला असतो.

मधली जागा सगळ्यात महत्त्वाची. कायद्याच्या व्याख्येप्रमाणे जमीन, पाया, खांब, तुळया, मुख्य भिंती, छप्पर, जिने, लॉबी, आवार, बाग, पार्किंग, टाक्या, पंप, मोटारी, लिफ्ट हे सगळं सामाईक. पण ‘घोषणापत्रात वेगळं काही म्हटलं नसेल तर’. त्या ‘तर’मध्ये बिल्डर शिरतो. मर्यादित सामाईक जागा म्हणजे सामाईकच, पण घोषणापत्राने ठरावीक अपार्टमेंटच्या वापरासाठी राखलेली. कोकणात मला दिसलेल्या घोषणापत्रांत गच्चीचे तीन प्रकार सापडतात. काहींत गच्ची साधी सामाईक यादीत असते. काहींत ‘तिसऱ्या मजल्यावरील सदनिका क्रमांक अमुकला लागून असलेली गच्ची त्या सदनिकेच्या वापरासाठी’ असं मर्यादित म्हणून लिहिलेलं असतं, आणि मग त्या धारकाची बाजू खरोखर भक्कम असते. तिसरा प्रकार गंमतीचा: घोषणापत्रात गच्ची सामाईक, पण फ्लॅटच्या करारनाम्यात कुठेतरी एक ओळ, की गच्चीचा हक्क विकसकाने स्वतःकडे राखून ठेवला आहे. बहुतेक भांडणं या तिसऱ्या प्रकारातली असतात, आणि तुमच्या सांगण्यावरून तुमचंही तेच वाटतंय.

तसं असेल तर गृहस्थांचा कागद टिकत नाही. घोषणापत्राने गच्ची सामाईक केल्यावर ती बिल्डरच्या हातात विकायला उरतच नाही. ती २२ धारकांची झाली, प्रत्येकाच्या टक्क्याने. तिचं स्वरूप बदलायला बावीसही जणांची सही आणि नोंदलेलं सुधारित घोषणापत्र हवं. शिवाय १०० रुपये किंवा त्याहून जास्त किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीशिवाय होत नाही. नोटरीचा शिक्का म्हणजे सह्या त्या माणसांनी केल्या याची साक्ष. मालकी त्याने हलत नाही. गृहस्थांनी पैसे मोजलेत हे खरं, पण त्यांनी ते बिल्डरकडे मागावेत. तुमच्याकडून गच्ची मागून ते वसूल होणार नाहीत.

त्यांच्याशी बोलताना मात्र एक करा. पहिल्या पत्रात ‘बेकायदा कब्जा’ वगैरे लिहू नका. माणूस शेजारी राहतो, पुढची वीस वर्षं त्याच जिन्यात भेटणार आहे. पत्र एवढंच: घोषणापत्रातल्या अमुक परिच्छेदानुसार गच्ची सामाईक आहे, पाण्याची टाकी आणि अँटेना तिथे आहेत, आग किंवा वादळात तीच सुटकेची जागा आहे, तेव्हा कुलपाची एक किल्ली असोसिएशनकडे द्यावी आणि आपल्याकडे नोंदलेला दस्त असल्यास त्याची प्रत दाखवावी. निसर्ग वादळात, ३ जून २०२० ला, किनाऱ्यावरच्या कितीतरी इमारतींचे पत्रे उडाले. वारा पडल्यावर लोकांना पहिल्यांदा गच्चीवर जाऊन टाकी आणि पत्रे बघायचे होते. त्या वेळी किल्ली ज्याच्याकडे असते तो मुंबईला असतो.

पत्र्यांवरून आठवलं. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे गच्चीवर पत्र्याची शेड घालणं रास्तच. पण ती असोसिएशनने ठराव करून, नगरपरिषदेची परवानगी घेऊन, बाजू उघड्या ठेवून घालायची. एकाने घातली, बाजूंना भिंती उचलल्या, सिंक बसवलं, की पुढच्या दोन मे महिन्यांत तिथे पाहुण्यांची खोली तयार होते. कोकणात चौथा मजला बहुतेक असाच जन्माला येतो.

टॉवरचं उत्तर वरच्यात आलंच. कलम १० म्हणतं की मिळकतीपासूनचा सामाईक नफा धारकांना टक्क्यांप्रमाणे आणि सामाईक खर्चही टक्क्यांप्रमाणे. सामाईक गच्चीवर टॉवर आला तर भाडं असोसिएशनच्या खात्यात. त्याआधी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, नगरपरिषदेची परवानगी आणि सभेचा ठराव. माझं वैयक्तिक मत विचाराल तर गळणाऱ्या गच्चीवर टॉवर घेऊ नका. पायासाठी पाडलेली भोकं भाड्याहून महाग पडतात. त्यापेक्षा सौर पॅनेलचा विचार करा. पीएम सूर्यघर योजनेत गृहसंकुलांच्या सामाईक वापरासाठी दर किलोवॅटला १८,००० रुपये अनुदान आहे. पंप आणि जिन्यातल्या दिव्यांचं बिल त्यात बरंच खाली येतं. पण तेही वॉटरप्रूफिंग झाल्यावर.

आता दुकानदार. त्यांचा युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो, पण तो मान्य केला तर तिसऱ्या मजल्यावरचे म्हणतील की आम्ही आवारातल्या गटाराचा खर्च देणार नाही, आणि पहिल्या मजल्यावरचे म्हणतील की आम्ही टाकीचा देणार नाही. गच्चीचा स्लॅब हे दुकानाचंही छप्पर आहे, मध्ये तीन मजले आहेत एवढंच. पूर्वी शेजाऱ्याच्या पागोळीचं पाणी कुणाच्या अंगणात पडतं यावरून भांडणं व्हायची, तेव्हा निदान छपरं वेगळी होती. इथे छप्परच एक आहे.

हिशेब कसा होतो ते दाखवतो. परिशिष्टात टक्के असे आहेत असं धरून चालू: ४ दुकानांना प्रत्येकी ५.५, रस्त्याकडच्या ६ मोठ्या फ्लॅटना प्रत्येकी ५, बाकी १२ लहान फ्लॅटना प्रत्येकी ४. बेरीज २२ अधिक ३० अधिक ४८, म्हणजे १००. सहा लाखांच्या कामात एका दुकानाला ३३,०००, मोठ्या फ्लॅटला ३०,०००, लहान फ्लॅटला २४,०००. दुकानाचं क्षेत्रफळ लहान फ्लॅटपेक्षाही कमी असेल आणि दुकानदार चौरस फूट मोजून दाखवेल. पण टक्का किमतीवर ठरलाय, क्षेत्रफळावर नाही, आणि रस्त्यालगतचं दुकान फुटामागे महाग असतं. हाच टक्का त्याला मतदानातही मिळतो. अपार्टमेंटच्या उपविधींत मत माणशी एक नसतं, टक्क्याने मोजतात. मतदानाच्या दिवशी साडेपाच आणि खर्चाच्या दिवशी शून्य, असं चालत नाही.

इथे एक भेद सांगतो, कारण लोक बहिणीच्या किंवा मेव्हण्याच्या सोसायटीची बिलं आणून तुमच्यापुढे नाचवतात. सहकारी गृहनिर्माण संस्थेत जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर असते. सभासदाला शेअर आणि राहण्याचा हक्क. तिथे एक सभासद एक मत. सेवाशुल्क सगळ्यांना सारखं, लिफ्टचा खर्चही सारखा, तळमजल्यावाल्यालासुद्धा. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के. अपार्टमेंटमध्ये प्रत्येक धारक स्वतःच्या फ्लॅटचा पूर्ण मालक आणि बाकीच्याचा टक्केवारीने सहमालक. दोन्ही पद्धती आपापल्या जागी ठीक आहेत, मिसळल्या की घोटाळा. वॉचमन, झाडू आणि जिन्यातल्या दिव्यांची लहान रक्कम तुम्ही सगळ्यांच्या संमतीने सारखी घेत असाल तर त्यावरून कुणी कोर्टात जात नाही. मोठ्या दुरुस्तीला मात्र परिशिष्ट सोडू नका.

मुंबईकर तिघांचं उत्तरही याच कायद्यात आहे. सामाईक सोयी वापरल्या नाहीत, किंवा अपार्टमेंटच सोडून दिलं, म्हणून खर्चाच्या वाट्यातून सुटका होत नाही. कायद्यातलं ते कलम शोधून त्यांना आकड्यासकट लिहा. मुंबईला राहिलेल्या माणसाला कलमाचा आकडा असला की पत्र खरं वाटतं. आणि साधी गोष्ट तोंडी सांगा. बंद फ्लॅटच्या बाल्कनीची गटारतोंडं पाऊसभर तुंबतात, पाणी खालच्याच्या छतातून उतरतं, आणि ते बघायला तेव्हा हेच शेजारी धावतात. चाकरमानी गणपतीला येतो तेव्हा नळाला पाणी असतं, जिन्यात दिवा असतो; ते उरलेले साडेअकरा महिने कुणीतरी चालू ठेवलेलं असतं.

बाकी थकली तर? ती रक्कम त्या अपार्टमेंटवरचा बोजा ठरते. नगरपरिषदेचा कर आणि पहिलं गहाणकर्ज यांच्यामागे, पण इतर बहुतेक देण्यांच्या पुढे. आणि फ्लॅट विकला तर आधीच्या थकबाकीला विकणारा आणि घेणारा दोघंही जबाबदार. म्हणून मी असोसिएशनांना सांगतो की भांडत बसू नका. दरवर्षी ३१ मार्चला प्रत्येक थकबाकीदाराला लेखी हिशेब रजिस्टर पोस्टाने पाठवा, पावत्या जपून ठेवा, आणि ना-हरकत मागायला एजंट आला की फाइल टेबलावर ठेवा. किनाऱ्यावरचे दुसऱ्या घराचे फ्लॅट दर काही वर्षांनी हात बदलतातच. ‘बिगरवापर शुल्क’ मात्र लावू नका. ते सोसायटीच्या उपविधींतलं, भाड्याने दिलेल्या घराला, सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांपर्यंत. कुलूपबंद घराला ते सोसायटीतही लागत नाही.

खांबांकडे येतो, कारण पत्रात तुम्ही ओझरतं लिहिलंय आणि मला ते गच्चीपेक्षा गंभीर वाटतं. ‘पार्किंगमधल्या एका खांबाचं प्लास्टर पडलंय, पण ती जागा अमक्यांची आहे, ते करतील.’ ते का करतील? खांब त्यांचा नाही. गाडी उभी करायचा चौकोन कुणालाही दिलेला असो, खांब २२ जणांचा. खाऱ्या हवेत खांब कसा जातो ते स्वतः खाली जाऊन बघा. आधी कोपऱ्याला समांतर, वरून खाली, केसाएवढी उभी चीर येते. पावसानंतर तिच्यातून तांबूस ओघळ उतरतो. मग लाकडी दांड्याने ठोकलं तर बाकी खांब टणटण वाजतो आणि चिरेभोवतीचा भाग बद्द. आतली सळी गंजून फुगलेली असते, ती वरचं काँक्रीट बाहेर ढकलते. या टप्प्यावर काम हजारांत होतं, तुकडे गळायला लागल्यावर लाखांत. नुसतं नवं प्लास्टर मारून रंग दिलात तर गंज आत चालूच राहतो आणि दोन पावसाळ्यांनी तोच खांब पुन्हा फुटतो. तुमची इमारत आता पंधराच्या आसपास आली. सोसायट्यांच्या आदर्श उपविधींत १५ ते ३० वर्षांच्या इमारतीचं दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट सांगितलंय. तुम्ही अपार्टमेंट असलात तरी समुद्रापासून हाकेच्या अंतरावर ते करूनच घ्या, आणि वॉटरप्रूफिंगच्या आधी. खर्च अर्थात परिशिष्टाप्रमाणे.

पार्किंग विकत घेतल्याचे दोघांचे दावे आहेत म्हणता. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०१० रोजी दहिसरच्या पांचाली सोसायटीच्या प्रकरणात सांगितलं की स्टिल्टमधली उघडी जागा म्हणजे गॅरेज नव्हे, ती सामाईक जागा आहे आणि विकसक ती वेगळी विकू शकत नाही. तो निकाल १९६३ च्या मोफा, म्हणजे महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स, कायद्याखालचा. तुमची इमारत त्याच काळातली, रेरा या नंतरच्या गृहप्रकल्प कायद्याच्या आधीची, त्यामुळे तोच आधार घ्या. फक्त घोषणापत्रात पार्किंग मर्यादित सामाईक म्हणून कुठल्या फ्लॅटला राखलंय का ते आधी पाहा. राखलेलं असेल तर वापर त्यांचा, मालकी तरीही सामाईकच. तिथे शटर लावून गोडाऊन करता येणार नाही. २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणच्या स्टिल्टांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. मीटर, पंप, गाड्या, सगळं पाण्याखाली. तुम्ही वाशिष्ठीकाठी नसलात तरी मीटर बोर्ड बदलायची वेळ आली की तो वर उचलून घ्या. तो उचलायला कुणा ‘पार्किंगवाल्या’ची परवानगी लागत नाही.

दुकानांपुढच्या शेडबद्दल फार लिहीत नाही. मंजूर नकाशात रस्त्याकडे जे सामासिक अंतर, म्हणजे इमारतीपुढे मोकळी सोडायची जागा, दाखवलंय ते मोकळंच राहिलं पाहिजे. ते सामाईक आहेच, शिवाय नगरपरिषदेचा नियम आहे. आधी असोसिएशनची नोटीस, मग मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज. अनधिकृत बांधकामाची नोटीस काढायचा अधिकार नगररचना कायद्याच्या कलम ५३ खाली त्यांना आहे. अर्ज वॉटरप्रूफिंगची वर्गणी गोळा झाल्यावर करा. व्यवहारही बघावा लागतो.

राहिले जमीनमालकाचे मुलगे. इथे घोषणापत्राची ती पहिली कंटाळवाणी पानं काढा, आणि आजचा सात-बारा किंवा मिळकत पत्रिकाही काढा. मला जवळजवळ खात्री आहे की उताऱ्यावर अजून त्यांच्या वडिलांचं नाव असेल. आपल्याकडे ही सर्रास परिस्थिती आहे: घोषणापत्र झालं, प्रत्येकाचा करारनामा नोंदला, पण डीड ऑफ अपार्टमेंट कुणी केलंच नाही. करारनाम्याने फ्लॅट घ्यायचा हक्क मिळतो. जमिनीतला अविभाज्य हिस्सा कागदोपत्री तुमच्याकडे येतो तो या डीडने. ते झालेलं नाही तोवर मुलगे म्हणत राहणार की जमीन आमचीच. तेव्हा सगळ्यात आधी २२ डीडं करून घ्या. बिल्डर आणि जमीनमालक सहीला येत नसतील तर मोफाच्या कलम ११ खाली अपार्टमेंटधारकांच्या संघालाही सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकांकडे, मानीव अभिहस्तांतरणासाठी (डीम्ड कन्व्हेयन्स, म्हणजे त्यांच्या सहीशिवाय मालकी नावावर करून घेण्यासाठी) अर्ज करता येतो. एकट्याने धावू नका, सगळ्यांचे कागद एकत्र करून एकच वकील द्या.

आंब्यांचं सोपं आहे. झाड जमिनीचा भाग. जमीन सामाईक तर कलमंही सामाईक, जर घोषणापत्रात किंवा विकसन करारात ती राखलेली नसतील. राखलेली नसतील तर यंदा मोहोर आला की असोसिएशनच्या नावाने कलमं कराराने द्या आणि रक्कम सामाईक खात्यात जमा करा. ती कलम १० मधला सामाईक नफाच. किंवा पेट्या भरून सगळ्यांना वाटा. टक्क्याप्रमाणे आंबे मोजायला बसू नका एवढीच विनंती. कायदा तसं म्हणतो, पण मी तुमच्या जागी असतो तर घरटी सारखे दिले असते आणि पहिली पेटी जमीनमालकाच्या आईला. कलमं त्यांच्या घरच्यांनी लावलेली आहेत.

विहिरीचं मात्र तसं झटकून टाकू नका. जमीन सामाईक म्हणून विहीरही सामाईक, हे बरोबर. पण शेजारच्या घराला त्या विहिरीचं पाणी भरायची वहिवाट इमारतीच्या आधीपासूनची असू शकते. दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वाट-पाण्यासारख्या हक्कांचा, म्हणजे सुविधाधिकारांचा, कायदा १८८२ चा आहे. वीस वर्षं उघडपणे, हक्काने, अखंड वापर असेल तर तो हक्क कोर्ट मानू शकतं, आणि मग तो तुमच्या सामाईक जागेवरचा भार ठरतो. विकसन करारातही ‘विहिरीवर पाणी भरण्याचा हक्क राखून’ अशी ओळ बऱ्याचदा असते, ती शोधा. फरक एवढा धरा की घागरीने किंवा रहाटाने घरापुरतं पाणी ही जुनी वहिवाट. तीन अश्वशक्तीचा पंप लावून बागेला आणि होमस्टेच्या खोल्यांना पाणी ही नवी गोष्ट. हक्क असलाच तर पहिल्याचा, दुसऱ्याचा नाही. एप्रिल-मेमध्ये पाणी तळाला जातं तेव्हा हा फरक कागदावर असलेला बरा. त्यांच्याशी बसून लिहून घ्या: घरगुती वापरापुरतं, ठरलेल्या वेळी, पंप असेल तर त्याचं वीज मीटर वेगळं, आणि विहीर उपसायच्या खर्चात त्यांचाही वाटा. कागदावर दोन्ही बाजूंच्या सह्या झाल्या की त्याची प्रत असोसिएशनच्या दप्तरात, घोषणापत्राच्या नकलेलाच जोडून ठेवा.